पीटर्सबर्गला जाणार असाल तर नोवगोरोदला दोन रात्री काढा

मोडीवाचक

रशियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग बघून परततात. आमचाही बेत तोच होता. जूनमध्ये मी आणि बायको पंधरा दिवस जाऊन आलो, त्यातल्या दोन रात्री वेलिकी नोवगोरोदला काढल्या. आता कुणी "रशिया कसा वाटला?" विचारलं की आम्ही दोघंही आधी त्या दोन दिवसांबद्दलच बोलायला लागतो. म्हणून हा धागा. पीटर्सबर्गची तिकिटं काढायच्या आधी कुणी वाचला तर बरं.

नोवगोरोद पीटर्सबर्गच्या दक्षिणेला साधारण १९० किलोमीटरवर आहे. इल्मेन नावाच्या मोठ्या तळ्यातून वोल्खोव नदी निघते आणि थोड्याच अंतरावर या शहराच्या मधून वाहते. नावाचा अर्थ 'नवं शहर', पण रशियातल्या सगळ्यांत जुन्या शहरांत याची गणना होते. परंपरेने साल ८५९ धरतात. नदीच्या पश्चिमेला सोफियाची बाजू, तिथे किल्ला आणि मोठं चर्च. पूर्वेला व्यापाराची बाजू, तिथे एकेकाळी हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. इथून फर आणि मेण जायचं, तिकडून कापड आणि चांदी यायची. मधे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी पूल आहे. त्या पुलावर आम्ही दोन दिवसांत किती फेऱ्या मारल्या याची गणतीच नाही.

क्रेमलिन म्हणजे मॉस्कोचं, असं मला जाईपर्यंत वाटायचं. खरं तर क्रेमलिन म्हणजे शहरातला बालेकिल्ला. जुन्या रशियन शहरांतून ते ठिकठिकाणी आहेत. नोवगोरोदच्या बालेकिल्ल्याला देतिनेत्स म्हणतात. लाल विटांचा तट, नऊ बुरूज शिल्लक, आणि आत सेंट सोफिया. हे चर्च १०४५ ते १०५० या काळात बांधलं. आपल्या अंबरनाथच्या देवळातल्या शिलालेखाचं साल १०६०, म्हणजे दोन्ही इमारती एकाच पिढीच्या. भिंती पांढऱ्या, मधला घुमट सोनेरी, बाकीचे शिशाच्या रंगाचे. मधल्या घुमटाच्या क्रुसावर धातूचं एक कबूतर बसलेलं आहे. रशियाचा झार इव्हान द टेरिबल याने १५७० साली शहरात कत्तल केली तेव्हा उडत चाललेलं एक कबूतर ते बघून तिथेच दगडासारखं थिजलं, अशी दंतकथा सांगतात. दुसऱ्या महायुद्धात तो क्रूस जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीने काढून नेला आणि तो माद्रिदहून २००४ मध्ये परत आला. आता तो चर्चच्या आत ठेवलाय, घुमटावर नवा आहे.

चर्चमध्ये रोज प्रार्थना चालते. बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यायची, पुरुषांनी टोपी काढायची. आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेला मागे उभे राहिलो. बसायला बाकं नसतात, सगळे उभेच. वाद्य नाही, नुसते आवाज. बायको वारकरी घरातली. ती बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "काकड्याला असं होतं."

आता मुख्य गोष्ट. मी हौसेने मोडी वाचतो. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, उघडून कुणाची तरी गाईच्या चाऱ्याची तक्रार, कुणाचं उसनवारीचं पत्र वाचण्यात माझे शनिवार जातात. नोवगोरोदला जायचं खरं कारण तेच: तिथली भूर्जपत्रं, म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीवर कोरलेली जुनी पत्रं.

तिथली माती ओलसर, चिकण. आत हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, साल काहीही कुजत नाही. शहराचे रस्ते लाकडी ओंडक्यांचे होते. चिखलात रुतले की त्यावरच नवा थर घालायचे. उत्खननात एकाच रस्त्याचे २८ थर एकावर एक सापडले. ओंडक्यांच्या आतल्या वाढीच्या वर्तुळांवरून थराचं साल काढता येतं, आणि थरावरून त्यात सापडलेल्या वस्तूचं. २६ जुलै १९५१ रोजी नीना अकुलोवा नावाच्या कामगार बाईंना अशाच लाकडांच्या फटीत सालीची एक गुंडाळी मिळाली आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसली. उत्खननाचे प्रमुख आर्त्सिखोव्स्की यांना काही क्षण शब्दच फुटेना. या शोधाची ते वीस वर्षं वाट बघत होते. तेव्हापासून नोवगोरोदमध्ये अशी अकराशेहून जास्त भूर्जपत्रं निघाली आहेत.

ही शाईने लिहिलेली नाहीत. लोखंडाच्या किंवा हाडाच्या टोकदार लेखणीने सालीच्या आतल्या बाजूला कोरलेली आहेत. आणि यात राजे-महाराजे जवळपास नाहीतच. कुणी कुणाचे किती देणं लागतो, घोडा कुठे आहे, मासे पाठव, शर्ट विसरलो तो पाठव. अकराव्या शतकाच्या शेवटाला एका बाईने लिहिलंय: मी तुला तीनदा निरोप धाडला, या आठवड्यात तू आला नाहीस, माझ्याबद्दल तुझ्या मनात काय राग आहे? दोनशे वर्षांनंतर मिकिता नावाचा माणूस आन्नाला लिहितो: माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, आणि याला साक्षीदार इग्नात. पत्र वाचून झालं की फाडून रस्त्यावर टाकायचे. म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली.

भाषेचं कोडं आंद्रेय झालिझ्न्याक या भाषाशास्त्रज्ञाने सोडवलं. लोक चुकीचं लिहीत होते असं आधी वाटायचं. त्यांनी दाखवलं की हे लोक आपली बोली बरोबर लिहीत होते आणि ती बोली मॉस्कोकडच्या भाषेपेक्षा वेगळी होती. हे वाचलं तेव्हा मला आपल्या बोलींच्या कागदांची आठवण झाली.

आणि भूर्जपत्र हा शब्द. संस्कृत भूर्ज आणि रशियन बेर्योझा हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. काश्मीरच्या पोथ्या ज्या झाडाच्या सालीवर लिहिल्या त्याच्याच जातकुळीचं झाड इथे हॉटेलच्या खिडकीबाहेर उभं होतं.

रात्री का राहायचं? पीटर्सबर्गहून येणाऱ्या सहलीच्या बस सकाळी येतात आणि चारनंतर निघून जातात. त्यांना सोफिया, किल्ल्यातलं मोठं स्मारक, पूल एवढंच दिसतं. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पूर्ण काळोख होत नाही. त्या वेळी तटाखालच्या वाळूवर पोरं पोहत असतात, आजोबा गळ टाकून बसलेले असतात, आणि समोरच्या काठावरच्या जुन्या बाजारपेठेच्या कमानी पाण्यात दिसत राहतात. ते बघायला दुपारची बस उपयोगाची नाही.

खाण्याबद्दल, व्हिसाबद्दल विचारा, सांगतो.

पुस्तकवेडी

फार सुंदर लिहिलंत. मिकिता आणि इग्नातचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या लहानपणी शाळेत रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं, जाड गुळगुळीत कागद, आणि किंमत इतकी कमी की खाऊच्या पैशात यायची. त्यातली लाकडी घरं, शेगडीवर झोपणारी आजी, पांढऱ्या खोडांची झाडं मला आपल्या गावापेक्षा जास्त पाठ होती. तशी लाकडी घरं अजून बघायला मिळतात का?

मोडीवाचक

मिळतात, आणि नोवगोरोदजवळच. शहरापासून चार-पाच किलोमीटरवर वितोस्लाव्लित्सी नावाचं खुलं संग्रहालय आहे. गावोगावची जुनी लाकडी घरं, चर्च, पवनचक्क्या सुट्या करून इथे आणून पुन्हा उभ्या केल्यात. सर्वांत जुनं लाकडी चर्च १५३१ सालचं आहे. घरात शिरलात की कोपऱ्यात ती पांढरी भली मोठी मातीची शेगडी असते आणि तिच्या वरची झोपायची जागासुद्धा. माझी बायको तुमच्यासारखीच त्या पुस्तकांवर वाढलेली. ती शेगडीवर हात ठेवून उभी राहिली.

शहरातून सिटी बस जाते. त्याच रस्त्याला युरिएव मठ आहे, त्याचं मुख्य चर्च १११९ साली बांधलेलं. अर्धा दिवस दोन्हींसाठी ठेवा. आणि जूनमध्ये डासांचं मलम न विसरता न्या, तळ्याकाठचे डास फार कडक आहेत.

सह्यभटक्या

सप्टेंबरमध्ये जायचा विचार आहे. मी, बायको आणि सात वर्षांचा मुलगा. व्हिसा, पैसे आणि आगगाडी याबद्दल लिहाल का? सध्या तिकडे युद्ध चालू आहे, लहान मुलाला घेऊन जावं का, हाही प्रश्न घरात आहे.

नेवाकिनारी

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं पीटर्सबर्गला आहे, म्हणून उत्तर देते. मोडीवाचक दादांनी नोवगोरोदबद्दल लिहिलंय हे बघून फार बरं वाटलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे पाठवते.

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पूर्वी त्यावर १६ दिवस राहता यायचं, आता ३० दिवसांपर्यंत राहता येतं. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. फोटो आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ई-व्हिसावर ठरावीक ठिकाणांहूनच आत येता येतं, पण मॉस्को आणि पीटर्सबर्गचे विमानतळ त्यात आहेत. हॉटेलात राहिलात तर नोंदणी हॉटेलवाले करतात.

पैशांचं नीट समजून घ्या. भारतातली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं २०२२ पासून इथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख आणायचे आणि बँकेत बदलून घ्यायचे. नोटा कोऱ्या हव्यात. माझ्या मावशीची एक शंभराची नोट कोपऱ्यात दुमडलेली होती म्हणून एका बँकेने परत केली, दुसरीत घेतली. विमानतळावर थोडेच बदला, शहरात भाव बरा मिळतो. परदेशी हॉटेल-बुकिंगची नेहमीची ॲप इथे चालत नाहीत. हॉटेलला थेट ईमेल करा आणि पैसे पोचल्यावर द्या.

आगगाडी मोस्कोव्स्की स्थानकावरून सुटते, लास्तोच्का म्हणतात तिला. लास्तोच्का म्हणजे पाकोळी. साधारण तीन तास लागतात. तिकीट खिडकीवर रोख मिळतं, पासपोर्ट लागतो, लहान मुलाचाही. जागा आरक्षित असते, तेव्हा शनिवारी सकाळची गाडी हवी असेल तर दोन-तीन दिवस आधी काढून ठेवा.

युद्धाबद्दल. नोवगोरोद आणि पीटर्सबर्गमध्ये रोजचं जगणं चालू आहे. पण ड्रोनच्या धोक्यामुळे विमानतळ कधी कधी काही तास बंद ठेवतात, आणि मोबाइलचं इंटरनेटही अचानक बंद होतं. म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा, नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, आणि हॉटेलचा पत्ता रशियनमध्ये कागदावर लिहून खिशात ठेवा. निर्णय तुमचा. मी माझ्या आईला मागच्या वर्षी बोलावलं होतं.

कांदाभजी

आमच्या घरी आई कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. अशांचं तिकडे काय होतं? पीटर्सबर्गमध्ये भारतीय हॉटेलं आहेत हे ठाऊक आहे, पण नोवगोरोदसारख्या छोट्या गावात?

मोडीवाचक

माझी बायको शाकाहारी आहे, दूध-दही चालतं, अंडं नाही. तिचा अनुभव लिहितो.

तिथे 'पोस्त' नावाचे उपवास असतात. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, शिवाय वर्षभरात आणखी. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे बऱ्याच खानावळींत 'पोस्तनोये' म्हणून पदार्थांचा वेगळा भाग असतो. हा एक शब्द तुम्ही पाठ केलात तर अर्धं काम झालं. पोस्तनोये म्हटलं की अंडंही गेलं. फक्त मासे विचारून घ्या, काही दिवशी ते चालतात. नुसतं 'बेझ म्यासा' म्हणजे मांसाशिवाय म्हटलं तर मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप पुढे येऊ शकतं, कारण मांसाचा तुकडा त्यात नसतो.

तिने काय खाल्लं: मशरूम आणि कांदा घालून परतलेला ग्रेच्का, म्हणजे आपल्या उत्तरेकडचा कुट्टू, पण अख्खा भातासारखा शिजवलेला. बटाट्याचे वारेनिकी, हे मोदकासारखे उकडलेले पण तिखटमिठाचे. पारीत अंडं आहे का ते विचारावं लागतं. खारवलेली काकडी आणि आंबवलेला कोबी. बीटचं विनिग्रेत सॅलड. राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी. बेकरीत कोबीचे आणि जंगली बेरींचे पिरोग. ब्लिनी म्हणजे पातळ धिरडी, पण त्यात अंडं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आणि हे कुणी सांगत नाही: जॉर्जियन खानावळ शोधा. रशियातल्या बहुतेक शहरांत एक तरी असते. लोबिओ म्हणजे राजमा, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, चीज भरलेली खाचापुरी. वांग्याचा तो पदार्थ खाऊन बायकोने दोन दिवसांत दोनदा तिथेच जेवायचा हट्ट धरला.

मी मात्र मासे सोडले नाहीत. इल्मेनचा सुदाक हा मासा पांढरा, काटे कमी, लोण्यात परतलेला. उखा म्हणजे माशाचं पातळ सार, वरून शेपू. शेपू प्रत्येक गोष्टीवर असतो, ज्यांना आवडत नाही त्यांनी आधीच सांगावं. थंडीत 'राखाडी श्ची' मिळते. कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांना आंबवून केलेलं सूप, या भागाचं जुनं खाणं. आम्ही जूनमध्ये गेलो तरी एका ठिकाणी मिळालं. आंबटपणा आंबाडीच्या भाजीच्या जवळचा.

प्यायला मोर्स घ्या, क्रॅनबेरीचं सरबत. स्बितेन म्हणजे मध आणि मसाला घातलेलं गरम पेय. दालचिनी-लवंगेमुळे वास अगदी आपल्या काढ्याचा. आणि मेदोवुखा म्हणजे मधाची हलकी दारू. 'म्योद' म्हणजे मध, 'मधु'चाच भाऊ.

अष्टागर

मी रेवदंड्याकडचा. या धाग्यात एक गोष्ट आलीच पाहिजे म्हणून लिहितो.

आमच्या चौलच्या बंदरात १४६९च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला होता, अफनासी निकितिन. तो त्वेर या शहराचा. घोडा घेऊन आला, पुढे जुन्नरला गेला. तिथे पावसाळ्यात अडकला, सगळीकडे पाणी आणि चिखल असं त्याने लिहून ठेवलंय. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तरच देईन म्हणाला. खुरासानच्या एका माणसाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. मग बिदर, आणि शेवटी दाभोळहून परतीचं जहाज. घरी पोचायच्या आधीच स्मोलेन्स्कजवळ वारला, पण वह्या पोचल्या. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे, लहानपणी आम्ही त्याच्या पायरीवर डबा खायचो म्हणाना.

त्वेर हे पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वेमार्गावरच आहे ना? तुम्ही उतरलात का?

मोडीवाचक

अष्टागर, फार बरं केलंत. हो, त्याच मार्गावर आहे, मॉस्कोच्या अलीकडे साधारण १७० किलोमीटरवर. आम्ही सकाळी उतरून संध्याकाळी पुढे गेलो. व्होल्गाच्या काठावर निकितिनचा पुतळा आहे, १९५५ साली उभारलेला, पायाशी जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक. त्वेरमध्ये बघायला नोवगोरोदइतकं जुनं उरलेलं नाही, १७६३च्या आगीत लाकडी शहर जळालं. पण नदीकाठचा रस्ता लांब आणि शांत आहे. पुतळ्यापाशी एक आजी बाकावर बसल्या होत्या. आम्ही भारतातले, त्याच किनाऱ्यावरचे, हे फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं तर त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि पुष्कळ काही बोलल्या. भाषांतर मागे पडलं. आम्हीही फोन ठेवून दिला.

चित्ररेघ

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. धाग्यात भित्तिचित्रांचा उल्लेख नाही म्हणून राहवलं नाही.

व्यापाराच्या बाजूला इल्यिना रस्त्यावर एक चर्च आहे, १३७४ सालचं. आत थेओफान द ग्रीक या चित्रकाराने १३७८ मध्ये रंगवलेली चित्रं आहेत. कॉन्स्टँटिनोपलकडून आलेला हा माणूस. त्याची खात्रीने त्याचीच म्हणता येतील अशी भित्तिचित्रं जगात फक्त इथे उरलीत. तांबूस-तपकिरी रंग आणि त्यावर पांढऱ्याचे दोन-चार फटकारे. चेहऱ्यावर, बोटांवर, दाढीवर वीज पडल्यासारखा प्रकाश. घुमटातला येशू वरून बघतो तेव्हा मान खाली जाते. अजिंठ्यात अंधारात डोळे सरावले की चित्रं पुढे येतात, तसंच इथे. आत गेल्यावर पाच मिनिटं काहीही न बघता उभे राहा.

दमट हवेत हे चर्च बंद ठेवतात, चित्रांना ओल लागू नये म्हणून. पाऊस असला तर दार उघडत नाही. दोन रात्री राहण्याचं हे आणखी एक कारण.

आणखी एक सांगतो. शहराबाहेर नेरेदित्सा नावाच्या टेकाडावर ११९८चं चर्च होतं, आतून पूर्ण रंगवलेलं. १९४१ मध्ये तोफांच्या माऱ्यात पडलं. भिंती पुन्हा बांधल्या, चित्रं थोडीच वाचली. वोलोतोवोच्या चर्चचंही तेच झालं. तिथल्या चित्रांचे लाखो तुकडे मातीतून चाळून काढले आणि रंगानुसार लावून जोडत आणलेत, कित्येक वर्षं चालू आहे हे काम. एका चेहऱ्याचा गाल जोडायला कुणीतरी आयुष्यातली वर्षं देतं. मी मुलांना वर्गात हे दरवर्षी सांगतो.

भोरप्या

लेख छान आहे, पण माझं मत थोडं वेगळं. मॉस्कोहून सुझ्दल आणि व्लादिमीर केलं तर जुना रशिया जास्त सुंदर दिसतो. सुझ्दलमध्ये उंच इमारती नाहीत, कुरणं, ओढा आणि चर्चचे घुमट. नोवगोरोद मला अर्ध्याहून जास्त सोव्हिएत काळातल्या चौकोनी इमारतींचं वाटलं. कमी दिवस असतील तर मी सुझ्दल सांगेन.

मोडीवाचक

भोरप्या, सुझ्दल दिसायला जास्त देखणं आहे, हे खरं. फोटो काढायचे असतील तर तिकडेच जावं.

पण त्या चौकोनी इमारती का आहेत हे जाणून घेतलं तर शहराकडे बघायची नजर बदलते. ऑगस्ट १९४१ ते २० जानेवारी १९४४ शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, आघाडी नदीकाठावरच. सुटका झाली तेव्हा राहण्याजोगी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. किल्ल्यातलं रशियाच्या सहस्रकाचं मोठं स्मारक, १८६२चं, जर्मनीला न्यायचं म्हणून सुटं केलेलं होतं. त्यातले कांस्याचे पुतळे बर्फात पडलेले सापडले. लोकांना डोक्यावर छप्पर नव्हतं त्या वर्षी, १९४४च्या नोव्हेंबरमध्ये, ते स्मारक पुन्हा उभं राहिलं. त्याच्यावर शंभराहून जास्त माणसं कोरलेली आहेत, पण इव्हान द टेरिबल नाही. या शहरात त्याला जागा दिली नाही.

मंगोल स्वारी १२३८ मध्ये इथवर पोचली नाही, वसंतात बर्फ वितळून झालेल्या दलदलीमुळे फौज मागे वळली. म्हणून इतकी जुनी चर्चं टिकली. इथे राजाला करार करून बोलवायचे, पटलं नाही तर घालवून द्यायचे. ११३६ साली तसं केलंही. नागरिकांची सभा जमवायची घंटा होती, ती मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने १४७८ मध्ये काढून नेली. एवढं सगळं मनात घेऊन पुलावरून चाललं की त्या चौकोनी इमारतींचा मला त्रास झाला नाही. लोक परत आले आणि राहिले, त्यांची ती घरं.

पुस्तकवेडी

मुलांसाठी तिथे काय आहे? सह्यभटक्या मुलाला घेऊन जाणार आहेत, आणि माझीही नात आठ वर्षांची आहे.

मोडीवाचक

अरे, ओनफिमचं लिहायचंच राहिलं! तेराव्या शतकातला मुलगा, सहा-सात वर्षांचा. लिहायला शिकत होता, त्याच्या सरावाच्या साली सापडल्यात. आधी मुळाक्षरं, मग एकेका व्यंजनाला स्वर जोडून ओळीच्या ओळी, म्हणजे आपली बाराखडीच. मग कंटाळा आला असावा, म्हणून चित्रं. घोड्यावर बसलेला वीर शत्रूला भाला मारतोय आणि शेजारी स्वतःचं नाव. हाताला बोटं कुठे तीन, कुठे जास्त. एका सालीवर लांब मानेचा, झुपकेदार शेपटीचा प्राणी आणि लिहिलंय, "मी हिंस्र पशू". तिथेच मित्राला: "ओनफिमकडून दानिलोला नमस्कार". मुलांना हे दाखवा, बाकी काही समजावावं लागत नाही.

सह्यभटक्या

धागा वर काढतोय. सप्टेंबरच्या शेवटी जाऊन आलो, तुम्हा सर्वांचे आभार मानायचे होते.

नेवाकिनारी ताई, मोबाइलचं इंटरनेट पहिल्याच दिवशी बंद झालं आणि खिशातल्या कागदाने आम्हाला हॉटेलवर पोचवलं. पिवळी भूर्जाची पानं तटाच्या खंदकात भरून वाहत होती. थंडी दहाच्या खाली, स्वेटर पुरला नाही, मुलाला तिथेच कानटोपी घेतली.

पहिल्या दिवशी पाऊस होता. इल्यिना रस्त्यावरच्या चर्चचं दार बंद, दारावर चिठ्ठी. चित्ररेघ सरांचं वाचलेलं होतं म्हणून दुसरी रात्र ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि दार उघडलं. आत आम्ही तिघंच. मुलगा वर बघून म्हणाला, "हे रागावलेत का?" मी काही उत्तर दिलं नाही.

ओनफिम त्याला इतका आवडला की विचारू नका. भूर्जपत्रावर लिहून बघायची सोय होती. साल, टोकदार लेखणी. त्याने आधी घोडा काढला, मग 'क का कि की' लिहायला घेतलं. अक्षरं उमटतात, पण शिरोरेघ ओढली की साल त्याच रेषेत चिरते. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा त्याने रेघ न ओढताच लिहिलं. तिथल्या बाईंनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि ही कुठली लिपी विचारलं.

मोडीवाचक काका, मोडीत तर रेघ आधीच ओढून ठेवतात ना? मग भूर्जपत्रावर मोडी कशी लिहिली असती?

मोडीवाचक

हो, मोडीत आधी पानभर रेघ आणि मग तिला लटकवलेली अक्षरं, टाक न उचलता. सालीवर ते जमणार नाही, रेघेलाच पान दोन भाग होईल. काश्मीरच्या पोथ्या शाईने लिहिलेल्या, म्हणून तिथे शिरोरेघ चालली. नोवगोरोदवाल्यांची अक्षरं सुटी सुटी, उभ्या रेघांची. हा विचार मी तिथे उभा असताना मला सुचला नव्हता.

मुलाने लिहिलेल्या त्या तुकड्याचा फोटो टाकाल का?